गावच्या पँटोची तयारी, सप्टेंबरापासून

इंग्लंडमधल्या गावच्या हॉलमध्ये जानेवारीअखेर पँटो, म्हणजे परीकथेवरचं, गाण्यांचं आणि प्रेक्षकांनाही ओरडायला लावणारं विनोदी नाटक, करायचा असेल, तर सप्टेंबरातच संहिता हातात हवी. डिसेंबरात व्यावसायिक पँटो जोरात असतात आणि हॉलही नाताळच्या जेवणावळींना गेलेला असतो, म्हणून बऱ्याच हौशी संस्था जानेवारी-फेब्रुवारीच धरतात. गोष्ट मात्र सिंड्रेला, अलादिन, जॅक आणि घेवड्याचा वेल अशी चार वर्षांच्या पोरालाही पाठ असलेलीच घ्या. नवीन कथानकाची हौस दुसऱ्या नाटकात भागवावी. पँटोला लोक गोष्ट ऐकायला येत नाहीत, गोष्टीत लुडबुड करायला येतात.

संहितेची परवानगी प्रयोगांच्या संख्येनुसार घ्या आणि गावातले विनोद घातले तर चालेल का, हे त्याच पत्रात विचारून टाका. बंद पडलेली बस, चौकातला खड्डा, शेजारच्या गावाची टिंगल, यावर पहिल्या दहा मिनिटांत हशा पिकला की पुढचं सोपं. गाण्यांचं खातं वेगळं. हॉलकडे संगीताचा परवाना आहे का ते बघा, आणि गाजलेल्या गाण्याच्या चालीवर आपले शब्द बसवणार असाल तर त्याची परवानगी निराळी.

कोरसमध्ये मुलं असणारच, आणि त्यांच्या कागदांना उशीर चालत नाही. मुलांना रंगमंचावर उतरवण्याच्या परवान्याचा अर्ज स्थानिक कौन्सिलकडे किमान २१ दिवस आधी पोचायला हवा; प्रत्येक मुलामागे फॉर्म भरण्याऐवजी अख्ख्या संस्थेला मंजुरी मिळते का, हे आधी विचारा. फार तर १२ मुलांमागे एक मान्यताप्राप्त चॅपरोन, म्हणजे मुलांना सांभाळणारा माणूस, लागतो. त्याच्या गळ्यात रंगमंचावरच्या सामानसुमानाचं काम घालू नका, त्याचं लक्ष मुलांवरच हवं. पाच वर्षांपुढच्या मुलगे-मुलींना कपडे बदलायला वेगळ्या खोल्या, आणि मूल आलं-गेलं की वहीत सही. मुलांचे दोन गट करून प्रयोग वाटून दिले तर जागरणही वाटलं जातं. आजी-आजोबांची तिकिटंही जास्त खपतात, हे कोणी उघड बोलत नाही एवढंच.

डेमची, म्हणजे पुरुषाने करायच्या विनोदी बाईच्या भूमिकेची, निवड सगळ्यात जपून करा. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो. डेम हुबेहूब बाई दिसायची नसतेच. आत बाप्या आहे हे शेवटच्या रांगेलाही कळलं पाहिजे. डॅन लेनो १८८८ ते १९०४ दरवर्षी ड्रुरी लेन थिएटरच्या पँटोत असे, आणि डेमला आजचं वळण लावण्यात त्याचा मोठा वाटा आहे. डेम दर प्रवेशाला आधीपेक्षा भडक पोशाखात यायला हवी. म्हणून हुक-बटणांना फाटा देऊन सगळीकडे वेल्क्रो लावा, कपडे विंगेत क्रमाने टांगा आणि कपडेपटातला एक माणूस तिच्यासाठीच ठेवा. खलनायक कायम नटाच्या डाव्या हाताच्या विंगेतून येतो आणि परी उजव्या. हा नियम पहिल्या तालमीपासून पाळा.

प्रवेशांचा तक्ता करताना एक प्रवेश पूर्ण रंगमंचावर, पुढचा पडद्यापुढे, असं आलटून-पालटून लावा. पडद्यापुढे दोघं बडबडत असतात तेव्हा मागे राजवाडा उभा राहतो. फेसाच्या धुमाकुळाचा प्रवेश असेल तर हे फार कामाचं. दाढीचा साबण पाण्यात घोटून केलेला घट्ट फेस वापरा, खाली ताडपत्री अंथरा, डोळ्यांवर मारायचं नाही हे बजावून ठेवा. पुढचा प्रवेश पडद्यापुढचा असला की मागे पोछा मारायला वेळ मिळतो. धुराचं यंत्र आणणार असाल तर हॉलच्या फायर अलार्मबद्दल केअरटेकरशी आधी बोला. मध्यंतराला बार लावायचा असेल आणि हॉलला मद्याचा परवाना नसेल, तर तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस कौन्सिलला निदान १० कामाचे दिवस आधी द्यावी लागते. तिचे २१ पौंड.

आता तालमी. पाठांतर नोव्हेंबरात संपवा, कारण खरं काम त्यानंतरचं. बाकावर तिघं बसतात, मागून भूत येतं, पोरं ओरडतात ‘मागे बघ!’ हा प्रवेश रिकाम्या हॉलमध्ये बसतच नाही. नट डावीकडून वळला की भूत उजवीकडे सरकलं पाहिजे, आणि आरडाओरडा ओसरायला लागला की, पूर्ण थांबायच्या आत, पुढचं वाक्य यायला हवं. तालमीत दोघा-तिघांना खुर्च्यांवर बसवून ओरडायलाच लावा. रंगीत तालमीला गावातल्या कब स्काउट आणि ब्राउनीज या स्काउट-गाईडच्या छोट्या पथकांतल्या मुलांना फुकट बोलवा; एवढे प्रामाणिक प्रेक्षक पैसे देऊनही मिळत नाहीत. नाटकातल्या शेवटच्या दोन ओळी मात्र तेव्हाही म्हणायच्या नाहीत. पहिल्या प्रयोगाआधी त्या उच्चारणं अशुभ मानतात. न मानणाराही गप्प राहतो.

शेवटाकडे प्रेक्षकांना गाणं शिकवायचा प्रवेश येतो. शब्दांचा फलक मोठ्या अक्षरांत करा, हॉलचे दोन भाग करून त्यांची जुंपून द्या. वाढदिवस असलेल्या मुलांची नावं मध्यंतरातच चिठ्ठ्यांवर गोळा केलेली असावीत. ती वाचेपर्यंत आत सगळे नट शेवटच्या लग्नाच्या प्रवेशासाठी कपडे बदलून तयार होतात. नावं कमी पडली तर गाणं आणखी एकदा. गोळ्या-चॉकलेटं उधळण्यापेक्षा जाताना दारात वाटा, शेंगदाणे किंवा काजू-बदाम नसलेली.

उरली जॅकच्या गोष्टीतली गाय. दोन माणसांची, पुढचा तोंडातून बघतो, मागच्याला काहीच दिसत नाही. दोघांची उंची जुळवून घ्या, पायऱ्या असतील तिथे पोशाखासकट चालवून बघा आणि विंगेत पाणी ठेवा. प्रयोग संपल्यावर आवराआवरीच्या घाईत पोशाख ओलाच घडी करू नका. दोन दिवस टांगून वाळवा, नाहीतर पुढच्या वर्षी मागच्या पायांना माणूस मिळणार नाही.