घटस्फोट चालू असताना पुरुषांनी या चुका टाळा

कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला की आईला पुढे करायचं आणि ‘तो गावाला गेलाय’ असं सांगायला लावायचं. वांद्र्याचं कुटुंब न्यायालय असो, पुण्यातलं शिवाजीनगरचं असो की तालुक्याचं कोर्ट, पुरुषांच्या फायलींमधलं सगळ्यात मोठं नुकसान या एका वाक्यापासून सुरू झालेलं दिसतं. कुणीतरी मित्र सांगतो, ‘समन्स घेतलंच नाही तर केस पुढे सरकत नाही.’ सरकते. नाकारलेलं समन्स बेलिफ दारावर चिकटवतो, तसा अहवाल कोर्टात देतो आणि बजावणी झाली असं धरलं जातं. पुढच्या तारखांना तुमच्या नावाचा पुकारा होतो, तुम्ही नसता, आणि प्रकरण एकतर्फी चालतं.

पिंपरी-चिंचवडकडच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरचं असंच झालं. हातात येणारा पगार ४२ हजार. पत्नीने पोटगीचा अर्ज केला, याने समन्स टाळलं, घर बदललं, मोबाइल नंबरही बदलला. महिना १५ हजार पोटगीचा एकतर्फी हुकूम झाला, तोही अर्जाच्या तारखेपासून. रजनीश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायची असं सांगितलेलं आहे. अर्जापासून हुकुमापर्यंत २६ महिने गेले होते. म्हणजे पहिल्याच दिवशी थकबाकी ३ लाख ९० हजार. हुकूम झाल्याचं त्याला कळलं ते वॉरंट घेऊन पोलिस कंपनीच्या गेटवर आले तेव्हा. आईच्या डायलिसिसचा खर्च, चालू असलेलं गृहकर्ज, पत्नीची स्वतःची १८ हजारांची नोकरी, यातलं काहीही कोर्टासमोर आलं नव्हतं, कारण सांगायला तो नव्हता. थकबाकी भरायला त्याने चढ्या व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढलं. ‘आत जाईन, पण देणार नाही’ असंही तो म्हणत होता. पोटगी थकवल्याबद्दल तुरुंगात गेल्याने थकलेली रक्कम माफ होत नाही. ती तशीच उभी राहते.

म्हणून समन्स घ्या. सही करा, खाली तारीख घाला, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, दाखल करायला ३० दिवस असतात, फार तर ९०. समन्सवरचा किंवा अर्जावरचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून ठेवा आणि दर रविवारी पुढची तारीख स्वतः बघा. ‘वकील सांगतील’ यावर राहू नका, त्यांच्याकडे तुमच्यासारख्या दोनशे फायली असतात. एकतर्फी हुकूम झालाच असेल तर दिवस मोजायला लागा. घटस्फोटाचा एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी ३० दिवस असतात. समन्स रीतसर पोचलंच नसेल तर ते तुम्हाला हुकूम कळल्यापासून धरतात. फौजदारी प्रक्रियेखालच्या पोटगीचा एकतर्फी हुकूम रद्द करायला ३ महिने. मुदत उलटून गेली की प्रत्येक दिवसाच्या विलंबाचं कारण द्यावं लागतं, आणि ‘घर बदललं होतं’ हे कारण तिथे टिकत नाही.

याच मानसिकतेतून आलेली दुसरी चूक म्हणजे पोटगी चुकवायला नोकरी सोडणं. निरोगी, शिकलेला माणूस कमवू शकतो असं कोर्ट धरून चालतं आणि कमावण्याची क्षमता पाहून रक्कम ठरवतं. आता दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँक खाती, म्युच्युअल फंड, शेती, कर्जं. त्यात एक खातं लपवलं आणि ते समोरच्या वकिलाने शोधून काढलं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. पगारातून आयकर आणि सक्तीचा पीएफ वजा धरतात. घाईघाईने सुरू केलेली विमा पॉलिसी किंवा भावाच्या नावच्या गाडीचा हप्ता वजा धरत नाहीत. निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात आहे, पण ते सूत्र नाही. तो आकडा धरून कोर्टात भांडू नका, तुमचा खरा खर्च पावत्यांसह मांडा. नोकरी खरोखर गेली तर रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच करा. सहा महिने काहीच न भरता मग केलेला अर्ज कोर्टाला बहाणा वाटतो. आणि पोटगी नेहमी बँकेतूनच द्या. रोखीने दिलेले पैसे पुढे दिलेच नव्हते असं ठरतं.

नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर केलेली सोडचिठ्ठी: हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न त्याने मोडत नाही. समाजातली जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करणं सोपं नाही. अशा कागदावर दुसरं लग्न केलं तर द्विविवाहाचा गुन्हा लागतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ‘आठ दिवसांत काडीमोड करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या दारात उभं राहू नका. अमेरिकेत बसून तिथल्या कोर्टातून एकतर्फी घटस्फोट घेणाऱ्या आपल्या मुलांनीही हे ऐकावं. जे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही, त्यावर पत्नीच्या गैरहजेरीत मिळवलेला परदेशी हुकूमनामा इथे मान्य होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच स्पष्ट केलेलं आहे.

आता ज्या चुकीवर सगळ्यात जास्त बोलायला हवं ती: संमतीच्या घटस्फोटात ‘एकदाचं संपवून टाकू’ म्हणत कशावरही सही करणं. दोन-तीन वर्षं तारखांना जाऊन माणूस थकतो, समोरचे काय मागतात ते देतो आणि मोकळा झालो असं समजतो. नाशिककडच्या एकाने पहिल्याच तारखेला पूर्ण १५ लाखांचा डीडी दिला. संमतीच्या अटींमध्ये एवढंच होतं, ‘दोन्ही पक्ष आपापल्या केसेस मागे घेतील.’ घटस्फोट झाला. दोन वर्षांनी परदेशी नोकरीसाठी पोलिसांचा दाखला काढायला गेला तेव्हा ४९८-अ चा, म्हणजे पत्नीच्या छळाचा, खटला तसाच उभा होता. पत्नीने फसवलं नव्हतं. ४९८-अ, आताच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५, तिला मागे घेताच येत नाही. खटला सरकारचा असतो. तो उच्च न्यायालयात अर्ज करून, तिच्या संमतीच्या प्रतिज्ञापत्रासह रद्द करून घ्यावा लागतो. तोवर तिचं दुसरं लग्न होऊन ती दुसऱ्या राज्यात गेली होती, आणि जुन्या प्रकरणासाठी मुंबईला येण्यात तिला रस नव्हता.

रकमेचे टप्पे पाडा. समजा १८ लाख ठरले: ५ लाख अर्ज दाखल करताना, ७ लाख हुकूमनाम्याच्या दिवशी, ६ लाख उच्च न्यायालयात खटला रद्द होईल त्या दिवशी. प्रत्येक डीडीचा क्रमांक आणि तारीख अटींमध्ये लिहा. प्रत्येक केसचा क्रमांक, कोर्ट आणि ती कोण, किती दिवसांत, कुठे जाऊन संपवणार हेही एकेका ओळीत लिहा. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे, पोटगीचा अर्ज त्याच्या कोर्टात, ४९८-अ उच्च न्यायालयात. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हा १९९१ पासूनचा कायदा आहे. सगळे पैसे आधी देणं म्हणूनच धोक्याचं.

संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, त्या काळाबद्दलही उतावळेपणा दिसतो. अमरदीप सिंग प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो माफ करता येतो असं म्हटलं, पण अटी घालून: वेगळं राहण्याचं एक वर्ष आणि वर सहा महिने आधीच उलटून गेलेले असावेत, मध्यस्थी फसलेली असावी, पोटगी आणि मुलांचा ताबा खरोखर ठरलेला असावा. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. कालच वेगळे झालेल्यांना तो मिळत नाही.

फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर असेल तर ‘फ्लॅट तिचा, हप्ते तिचे’ एवढं लिहून भागत नाही. बँक तुमच्या अटींना बांधलेली नाही. तिने हप्ता चुकवला तर तुमचाही सिबिल स्कोअर पडतो आणि वसुलीचा फोन तुम्हालाही येतो. बँकेकडून तुमचं नाव कर्जातून लेखी काढून घ्या किंवा कर्ज फेडून मगच हस्तांतर करा. राहत्या घरातला तुमचा हिस्सा बक्षीसपत्राने द्यायचा असेल तर तो हुकूमनाम्याआधी द्या. महाराष्ट्रात पत्नीला दिलेल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. हुकूमनाम्यानंतर ती कायद्याने पत्नी राहत नाही आणि ही सवलत जाते. गोव्यातल्या नागरी कायद्याखाली नोंदलेलं लग्न असेल तर मालमत्ता सामाईक धरून निम्मी वाटण्याची पद्धत आहे, तिथे गोव्यातलाच वकील करा.

दागिने अडवून ठेवू नका. स्त्रीधन तिचं असतं, ते न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. यादी करा, तोळे लिहा, फोटो काढा, वकिलांसमोर द्या, सही घ्या. भरोसा सेलकडून (पोलिसांचा कौटुंबिक तक्रारींचा कक्ष) किंवा पोलिस ठाण्यातून बोलावणं आलं तर जा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यावी असं २०१४ पासून बंधन आहे, नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक करत नाहीत. फोन बंद करून पळणाऱ्याची गत वेगळी होते.

तिच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टींची सरमिसळ होते. ‘भेटू देत नाही, तर पोटगी देणार नाही.’ कोर्ट ही दोन प्रकरणं वेगळी मानतं, आणि पोटगी थांबवणाऱ्याची भेटीची तक्रार ऐकायची कुणाची इच्छा राहत नाही. भेट नाकारली तर शाळेच्या गेटवर जाऊन तमाशा करू नका. त्याच दिवशी, वेळेसह, तिच्या वकिलांना ईमेल करा आणि अशा दोन-तीन ईमेल जोडून कोर्टात अर्ज द्या. शहर लांब असेल तर व्हिडिओ कॉल अटींमध्येच लिहून घ्या: आठवड्यातले वार, वेळ, किती मिनिटं. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. त्यावर भांडण्यात वर्ष घालवण्यापेक्षा सुट्ट्यांचे निम्मे दिवस आणि रात्रीचा मुक्काम मागा. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत पहिल्या भेटीला महागडं खेळणं आणि ‘आई काय म्हणते?’ हा प्रश्न, हे दोन्ही बाहेर ठेवा. घरी असायचा तो पत्त्यांचा कॅट किंवा गोष्टीचं पुस्तक न्या. पंधरा मिनिटं मूल जवळ आलं नाही तरी जमिनीवर बसून राहा. अर्ध्या तासात ‘ते मला विसरलं’ म्हणून उठणारे बाप पुढच्या भेटी स्वतःच कमी करून घेतात.

रात्री अकरानंतर तिला काहीही पाठवू नका. हा नियम कायद्याच्या पुस्तकात नसला तरी वकिलाच्या फीइतका मोलाचा आहे. दारू पिऊन पाठवलेला मेसेज पुराव्याच्या यादीत लागतो. लिहावंसं वाटलं तर फोनच्या नोट्समध्ये लिहा, सकाळी दहाला वाचा, मग ठरवा. घर सोडून भाड्याच्या खोलीत एकट्याने राहायला आलेले पुरुष सर्वात आधी झोप गमावतात, मग जेवण, मग लोक. ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतो’ असं म्हणणाऱ्या कट्ट्यावर या दिवसांत जाऊ नका. एक भाऊ किंवा एक मित्र ठरवा आणि आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी त्याच्याशी बोला, फक्त केसबद्दल नाही. दोन आठवडे झोप नसेल तर डॉक्टरांकडे जा. मित्राची झोपेची गोळी घेऊ नका, आणि दारूवर तर कधीच नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुष होते. जीव नकोसा वाटला तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानसची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तारखेच्या आदल्या रात्री हा विचार जास्त छळतो, म्हणून त्या रात्री एकटे राहू नका.

हुकूमनामा मिळाल्यावर त्याच्या चार प्रमाणित प्रती काढून ठेवा. अपिलाची मुदत संपली आणि अपील नाही याची खात्री वकिलांकडून लेखी करून घेतल्याशिवाय दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका. मग पीएफ, विमा, बँक, डीमॅट या सगळ्यांवरचं नामनिर्देशन एकेक करून बदला. घटस्फोटाने ते आपोआप बदलत नाही, आणि मुलाचं नाव कुठे घालायचं आहे ते याच वेळी ठरवा.