हाऊसिंग बोर्डाच्या सोडतीत उतरताय? आधी 'घर नाही' हे नीट लिहायला शिका

हाऊसिंग बोर्डाची जाहिरात आली की गोव्यात घरोघरी एकच सूर लागतो, आमचं कुठलं एवढं नशीब! नशिबाचं काम चिठ्ठी निघेपर्यंतचं, म्हणजे काही मिनिटांचं. बाकी सगळा खेळ कागदांचा. नंबर लागूनही छाननीत गळणं माणसाला जास्त लागतं, म्हणून हा लेख त्या छाननीबद्दल आहे.

जाहिरातीची वाट पाहणं सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. बोर्ड 1968 च्या कायद्याखालचं, कार्यालय पर्वरीला. पर्वरी, म्हापसा, कोलवाळ, मडगावची गोगळ, रुमडामळ या वसाहती तुम्हाला माहीत असतीलच. मात्र दर वर्षी अमुक महिन्यात सोडत, असं वेळापत्रक नसतं. स्थानिक वर्तमानपत्रं बघत राहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवरून अर्ज भरू नका, माहितीपुस्तिका हातात घ्या आणि अटी पेन घेऊन वाचा. घरं सोडतीने आहेत की लिलावाने, हेही तिथंच कळतं. लिलाव असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पैसे मोजायला बसा.

रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदाराकडून काढायचा. जुना चालवून घेतील या भरवशावर राहू नका. राखीव गटातून भरत असाल तर जातीचा दाखला आधीच हातात हवा. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, तरी कित्येकजण दाखला काढलेला नाही म्हणून सर्वसाधारण गटात भरतात. नावाचं स्पेलिंग तपासा. आजोबांच्या कागदावर पोर्तुगीज वळणाचं Naique, तुमच्या आधारवर साधं Naik, लग्नानंतर बायकोचं आडनाव वेगळं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

आता खरी अडचण. 'माझ्या, माझ्या पतीच्या अथवा पत्नीच्या आणि अज्ञान (अल्पवयीन) मुलांच्या नावे घर नाही' हे प्रतिज्ञापत्र. टायपिस्टकडे तयार मजकूर असतो, लोक खाली सही ठोकून मोकळे होतात. मी याच एका वाक्यापाशी सगळ्यात जास्त अडलो आहे, आणि ओळखीच्यांचे अर्ज भरतानाही इथंच थांबून प्रश्न विचारतो.

कारण गोव्यातला कायदा शेजारच्या महाराष्ट्रासारखा नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आपला कौटुंबिक कायदा सांगतो की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आधीची, नंतरची, माहेरून वारशाने आलेली, सगळी, निम्मी-निम्मी. मुलगी-मुलगा भेदही नाही, हिस्सा सारखा. शिवाय वारसा माणूस गेल्या क्षणी उघडतो. वाटणी झाली नाही, कागदावर नाव चढलं नाही, म्हणून तो थांबत नाही.

समजा डिचोलीकडे सासऱ्यांचं जुनं कौलारू घर आहे. सासरे हयात आहेत तोवर तुमच्या बायकोला त्यात फक्त आशा आहे, हक्क नाही. सासरे वारले की निम्मं सासूचं राहतं, उरलेल्या निम्म्यात भावंडांबरोबर बायकोचा वाटा येतो, आणि त्या वाट्यात तुम्ही निम्म्याचे धनी. एक-चौदाच्या, म्हणजे गावच्या जमीन-नोंदीच्या, उताऱ्यावर अजून सासऱ्यांच्याही वडलांचं नाव असेल, तरीसुद्धा. 'आमच्या नावावर काही नाही' हे वाक्य अशा वेळी उताऱ्यापुरतं खरं, कायद्यापुढे खोटं.

म्हणून अट शब्दन् शब्द वाचा. 'घर' म्हटलंय की 'घर किंवा भूखंड'? 'मालकी' की 'हिस्सा' सुद्धा? गोव्यात, की देशात कुठेही? पंतप्रधान आवास योजनेत देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं, आणि 2024 च्या शहरी योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा 9 लाख आहे. बोर्डाच्या अटी वेगळ्या असू शकतात. एकीची अट दुसरीला लावून मोकळं होऊ नका.

मग दोन्हीकडच्या घरांचे एक-चौदा काढा, शहरात असाल तर सिटी सर्व्हेचा उतारा. कब्जेदाराच्या रकान्यावर थांबू नका, खाली इतर हक्कांचा रकाना बघा. घर मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, असेल तर वडलांचं नाव बहुधा तिथं सापडतं. 'जमीन भाटकाराची, आमचं काय त्यात' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. 1975 च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला ते घर विकत घेण्याचा हक्क दिलेला आहे, पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटरपर्यंत. खरेदीचा निवाडा झाला असेल तर ती मालमत्ताच झाली.

हिस्सा निघाला तर लपवू नका. प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा: अमुक गावातल्या अमुक घरात अविभाजित वारसा हक्क आहे, वाटणी झालेली नाही, स्वतंत्र राहतं घर नाही. सोबत बोर्डाला लेखी विचारा की हे अटीत बसतं का, आणि पत्राच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. काउंटरवरचं 'चलता, भर' हे उत्तर नव्हे. पुढं कोणी तक्रार केली तर वाटप रद्द होतं तुमचं, त्याचं नाही.

'हक्कसोड करून टाक, एका दिवसाचं काम' हा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्याकडे पाठ फिरवा. हक्कसोड सब-रजिस्ट्रारपुढे होते, नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, आणि ती परत घेता येत नाही. सोडतीत नंबर लागला नाही तर फ्लॅट नाही आणि वडिलोपार्जित घरातला वाटाही गेला. चिठ्ठीच्या भरवशावर घराण्याचा हक्क सोडणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो. वाटणी व्हायचीच असेल तर ती भावंडांच्या सोयीने होऊ दे, जाहिरातीच्या शेवटच्या तारखेसाठी नको.

अर्ज मुदतीआधी भरा, अनामत रकमेची पावती जपा, एका कुटुंबाचा एकच अर्ज अशी अट असेल तर भावाच्या, मेव्हण्याच्या नावांची चलाखी करू नका. 'वर ओळख आहे' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. सरकारी नोकरीसाठी पैसे दिलेल्यांची कशी फसवणूक झाली ते 2024 मध्ये सगळ्या गोव्याने पाहिलं.

सोडतीला जमलं तर जा, नाही तर यादी बघा. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर ती यादी किती काळ चालेल ते लेखी विचारा आणि पत्ता बदलल्यास बोर्डाला कळवा. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं तर मुदत तुमची टळते. कर्जाची पात्रता बँकेकडून आधीच काढून ठेवा, कारण वाटपपत्र आल्यावर पहिला हप्ता भरायला फार दिवस नसतात. वाटपपत्रावर दोघांची नावं हवीत असा आग्रह धरा, आणि घर किती वर्षं विकता येणार नाही ते कलम सही करण्याआधी वाचा.