जखमी पाखरू, रानातलं पिल्लू: मदतीच्या घाईत या चुका टाळा

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या पुढे गेला की आमच्या गल्लीत पाखरं पडायला लागतात. एकदा पत्र्याच्या फटीतून पिंगळ्याचं पिल्लू खाली आलं. चोच वासलेली, मान कललेली. मी धावत ड्रॉपर आणला आणि थेट तोंडात पाणी सोडलं. दोनदा अंग झाडलं आणि माझ्या तळहातावरच गेलं बिचारं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं पाणी तिथंच शिरतं, हे मला नंतर कळलं.

म्हणून तोंडात काहीच घालायचं नाही. शुद्धीवर असेल तर उथळ झाकणात पाणी समोर ठेवा, प्यायलं तर प्यायलं. दूध तर नकोच. पक्ष्याला ते पचत नाही, आणि गाईच्या दुधानं सशाच्या पिल्लाला हगवण लागली तर ते बघता बघता सुकतं.

‘पोरकं दिसलं, उचलून आणलं’

सगळ्यात जास्त पिल्लांचं वाटोळं या चुकीनं होतं. ऊसतोडीत कोयता शेवटच्या सऱ्यांपर्यंत आला की रानमांजराची पिल्लं उघडी पडतात. लगेच कुणीतरी व्हिडिओ काढतं, ‘बिबट्याची पिल्लं’ म्हणून गावभर फिरतो. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फिकट पट्टे असतात, बिबट्याच्या पिल्लावर ठिपके. ओळख पटत नसेल तर आधी सगळे फडाबाहेर या, कारण आई लांब नसते. पिल्लं घरी न्यायची नाहीत. वनविभागाला फोन करा आणि तेवढ्या भागातली तोड थांबवा. त्यांच्या सांगण्यावरून पिल्लं पाटीत घालून तिथंच ठेवली आणि माणसं पांगली, तर बहुतेक वेळा आई रात्रीत एकेक करून मानेला धरून नेते.

माळावर टिटवीचं पिल्लू असंच फसवतं. आईनं हाक दिली की ते ढेकळासारखं निपचित पडतं, आणि आपण त्याला अर्धमेलं समजतो. डोक्यावर ती जे कोकलत असते, ते तुम्ही निघा म्हणून!

घरट्यातून पडलेलं, पिसं न फुटलेलं पिल्लू धडधाकट असेल तर उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून पक्षीण पिल्लू टाकत नाही. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू मात्र उडायला शिकत असतं. कुत्र्या-मांजरापासून आडोसा करा, बस्स.

मांजा ओढू नका

संक्रांतीच्या, गड्ड्याच्या (आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत घारी झाडावर लटकलेल्या दिसतात. मांजा ओढला की पंख हाडापर्यंत कापतो. दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून कात्रीनं कापा. मांसात रुतलेला धागा डॉक्टरच काढतील. झाडावर चढायचं काम अग्निशमनवाल्यांना करू द्या.

पक्षी धरायला आपण हमखास सोलापुरी टॉवेल घेतो. तो नको, त्याच्या वर आलेल्या धाग्यांच्या वेढ्यांत नख्या अडकतात. जुनं धोतर किंवा सुती पंचा बरा. खोक्याला भोकं पाडायची ती पक्षी आत घालण्याआधी (हे सांगावं लागतं!). मग झाकण बंद, अंधार, सावली, शांतता. दर पाच मिनिटांनी उघडून पोरांना दाखवायचं नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या माळावर कुत्र्यांनी पिटाळलेलं काळवीट सापडलं तर गर्दी हटवा, शिंगांपासून जपून डोळ्यांवर फडकं टाका. धावपळ आणि धसक्यानं त्याचे स्नायू आतून मोडतात. जखम किरकोळ असूनही ते दोन दिवसांनी मरू शकतं.

वनविभागाचा टोल-फ्री नंबर १९२६. गट नंबर, जवळची खूण, प्राणी कोणता आणि किती वेळ पडून आहे, एवढं सांगा. ‘बरं होईपर्यंत आम्हीच सांभाळतो’ हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, त्यात पोपटालाही सूट नाही.

मुंगूस, कोल्हा, रानमांजर किंवा वटवाघूळ चावलं, नुसतं ओरखडलं, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.