आवाज डोक्यात कोंडत होता, तो मोकळा केला

बंद कपांच्या हेडफोनमध्ये गायक, तबला, तानपुरे सगळे डोक्याच्या मधोमध दाटीवाटीने बसत. उपाय एकच निघाला: कपाला मागून जाळी असलेला ओपन-बॅक. एकेजी के ७०२ हा तसला हेडफोन लावला आणि तबला बाजूला सरकला. त्याचा विद्युतरोध ६२ ओहमच आहे, म्हणजे फोनवर सहज वाजेल, असं वाटून फसू नका. फोनवर आवाज बारीकच येतो, छोटा डॅक-अ‍ॅम्प (डिजिटल आवाज बदलून जोरात देणारी डबी) जोडावा. कानावरच्या गाद्या दबल्या की ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, कानाजवळ येतो नि आवाजाचा पसारा आक्रसतो, तेव्हा आधी गाद्या बदलून बघा. ग्वाल्हेरात मे महिन्यात मात्र कूलरची घरघर जाळीतून थेट आत! हेडफोनची परीक्षा स्टिरिओ ध्वनिमुद्रित मैफलीवरच घ्या. ग्वाल्हेर घराण्याच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्या मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, त्या कशावरही मधोमधच वाजणार.