टोलेडोत चालायचंय? मग चढ सरकत्या जिन्यावर सोडा

माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून टोलेडोला ट्रेनने जेमतेम अर्धा-पाऊण तास लागतो, पण तिकीट आधीच काढा, वीकेंडला गाड्या पटापट भरतात. गाव टेकडीवर आहे आणि तीन बाजूंनी ताहो नदीचा वेढा, त्यामुळे चढ काही चुकत नाही आणि बरेच लोक पहिल्याच चढाला गार होतात. त्यापेक्षा सरळ बिसाग्रा दरवाजाजवळ जा, तिथून तटबंदीच्या पोटातून सरकते जिने वर जातात, तेही फुकट! वर पोचलात की बाकीचं गाव बऱ्यापैकी उतरत उतरत बघता येतं, आधी कॅथेड्रल (बांधकाम 1226 ला सुरू झालं, रविवारी सकाळी मात्र टुरिस्टना सोडत नाहीत), मग सांतो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं मोठ्ठं चित्र, पुढे ज्यू वस्तीतलं सांता मारिया ला ब्लांका, पांढरेशुभ्र खांब आणि घोड्याच्या नालासारख्या कमानी, मशीद वाटावी असं जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), आणि शेवटी खाली सान मार्तिन पूल.

गल्ल्या इतक्या अरुंद की मॅपवरचा ठिपका भलत्याच गल्लीत उड्या मारतो, तेव्हा मान वर करून कॅथेड्रलचा मनोरा शोधायचा. दगडी गोटे गुळगुळीत झालेत, पावसात तर विचारूच नका, चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच. जमलं तर एक रात्र राहाच, संध्याकाळी माद्रिदवाले परत गेले की गल्ल्या रिकाम्या होतात.