‘मला घरी ने’ म्हणणाऱ्या माणसाजवळ कसं बसावं

आयुष्याच्या शेवटाकडे आलेली माणसं, त्यातही ज्यांचं स्मरण हरवत चाललंय ती, एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलतात: ‘मला घरी जायचंय.’ रुग्णालयातल्या खाटेवरून बोलतात तेव्हा त्याचा अर्थ लगेच लागतो. पण जिथे सारा संसार केला त्या घरात, स्वतःच्याच पलंगावर बसून बोलतात तेव्हा भोवतालच्यांचा धीर सुटतो. माझी आई शेवटची काही वर्षं हे रोज म्हणत असे. आता आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजारी आणि वृद्ध माणसांना भेटायला मी जाते, तिथेही तेच ऐकते. निघताना दाराशी मुलगा किंवा सून हळूच विचारते, ‘यावर आम्ही काय बोलायचं?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, पाळक म्हणजे चर्चची धर्मगुरूही नाही. येशू मेलेल्यांतून उठला यावर माझा विश्वास आहे आणि आईजवळ मी पुष्कळ बसले आहे, एवढ्याच आधारावर सांगते.

सगळ्यात आधी शरीराकडे बघा. ‘घरी ने’ याचा अर्थ पुष्कळदा ‘मला इथे त्रास होतोय’ एवढाच असतो, फक्त तो त्रास कुठे होतोय हे सांगायला शब्द सापडत नाहीत. तहान लागलीय का, लघवीला जायचंय का, थंडी वाजतेय का, पाठीखालची चादर चुरगळलीय का, श्रवणयंत्र कानात टोचतंय का, टीव्ही मोठ्यानं चालू आहे का, हे एकेक करून तपासा. आणि काल बरं असलेलं माणूस आज एकाएकी गोंधळलेलं, घाबरलेलं किंवा गुंगीत दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी कमी होणं, नव्यानं सुरू झालेलं एखादं औषध, अशा कारणांनी वृद्ध माणसाचं भान अचानक सुटतं, आणि कारण सापडलं तर पुष्कळदा परतही येतं. अशा वेळी ‘आता यांना स्वर्गाची ओढ लागली’ म्हणून डोळे मिटून प्रार्थना करत बसणं म्हणजे श्रद्धा नव्हे. प्रार्थना करा, पण आधी फोन लावा.

संध्याकाळ सांभाळा. दिवस कलला की ही अस्वस्थता वाढते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. अंधार पडण्याआधी दिवे लावा. काळोख झाल्यावर खिडकीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि ‘तो बाहेरचा माणूस कोण?’ अशी भीती वाटते, म्हणून पडदे ओढून घ्या. दिवसा थोडा वेळ उजेडात बसवा. संध्याकाळी पाहुणे बोलावू नका.

आता बोलण्याविषयी. ‘अगं, हेच तर तुझं घर!’ हे उत्तर आपल्या तोंडून आपोआप निघतं. ते खरं असतं, तरी उपयोगाचं नसतं. ऐकणाऱ्याला त्यातून इतकंच कळतं की आपलं कुणी ऐकून घेत नाही. दुसरं उत्तर म्हणजे ‘उद्या नेते हं’. ते मला मान्य नाही. विसरणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं सोपं असतं, आणि म्हणूनच ते टाळावं असं माझं मत आहे. यापेक्षा प्रश्न विचारा: ‘घरी कोण कोण आहे?’ मग गप्प बसा आणि ऐका.

आईला हा प्रश्न विचारला की ती घराचं वर्णन कधीच करत नसे. ती माणसं सांगायची. वडील, थोरला भाऊ, लहानपणीच देवाघरी गेलेली एक बहीण, आणि तिला एका खास नावानं हाक मारणारी तिची आई. ते नाव आम्हा मुलांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिला जायचं होतं ते, तिला त्या नावानं ओळखणारं कुणी जिथे आहे तिथे. ही नावं एका वहीत लिहून ठेवा आणि वही उशाशी राहू द्या. रात्री जवळ बसायला दुसरं कुणी आलं तरी त्याला नाव घेऊन विचारता येईल. ‘माझी आई कुठे आहे?’ असा प्रश्न आला तर दर वेळी ‘ती जाऊन किती वर्षं झाली’ असं सांगू नका. आपल्याला ती जुनी गोष्ट आहे. तिच्यासाठी ते मरण त्या क्षणी घडतं. ‘तुला आईची आठवण येतेय ना? कशी होती गं ती?’ असं विचारलं तर खोटंही बोलावं लागत नाही आणि जखमही होत नाही.

कधीकधी उत्तर पायांना हवं असतं. चप्पल घालू द्या, हात धरा, फाटकापर्यंत जाऊन या. डॉक्टरांची हरकत नसेल आणि जुनं घर उभं असेल तर एकदा तिथेही घेऊन जा. पण तिथे उभं राहूनही ‘आता घरी चल’ ऐकायला मिळालं तर निराश होऊ नका.

देवाच्या सांगण्यावरून आपला देश सोडून निघालेल्या अब्राहामाचं असंच झालं होतं. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात लिहिलंय की देवानं वचन दिलेल्या देशात तो पोचला, आणि तिथेही तंबूतच राहिला. मागे सोडलेल्या देशाचा विचार मनात असता तर परत जायला वाव होता, असंही तिथे म्हटलंय. तो परत गेला नाही. आपण पृथ्वीवर परके आणि प्रवासी आहोत असं तो आणि त्याच्यासारखी माणसं कबूल करत मेली. त्याच्या पुढचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं: देवाला त्यांचा देव म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही, कारण त्यानं त्यांच्यासाठी नगर तयार केलं आहे. योग्य जागी पोचूनही ज्याला ‘अजून घर आलं नाही’ असं वाटतं त्या माणसाला देव ‘कृतघ्न’ म्हणत नाही, ‘हेच तुझं घर’ म्हणून गप्पही करत नाही. मग आपण तरी का करावं?

मात्र मेंदूचा आजार हा आजारच आहे. आईच्या प्रत्येक वाक्यात मी भविष्यवाणी शोधत नाही, तुम्हीही शोधू नका. तिचा मेंदू झिजत होता आणि ती घाबरत होती. त्याच वेळी हेही खरं, की त्या झिजलेल्या मेंदूतून जे सगळ्यात शेवटपर्यंत बाहेर येत राहिलं ते प्रत्येक माणसाच्या आत असतं. धडधाकट माणूस ते कामात बुडवून टाकतो.

स्वर्गाविषयी बोलायचं तर स्वर्गाचा वापर झोपेच्या गोळीसारखा करू नका. ‘लवकरच तुम्ही देवाघरी जाणार, मग सगळं छान’ असं घाईनं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, यांना मी नकोशी झाले. आधी तिचं ऐकून घ्या, तिच्या माणसांची नावं घ्या, हात हातात घ्या, मग बोला. आणि बोलाल ते शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहे तेवढंच बोला. तेवढं भरपूर आहे.

शास्त्रात काय आहे ते सांगते, कारण पुष्कळ विश्वासणाऱ्या घरांतही स्वर्ग म्हणजे ढग, पांढरे झगे आणि न संपणारं गाणं एवढंच चित्र असतं. त्या चित्राची ओढ कुणाला वाटणार? पहिली गोष्ट: विश्वासात मरणारा माणूस ख्रिस्ताजवळ असतो. आपल्याबरोबर वधस्तंभावर दिलेल्या एका गुन्हेगाराला येशूनं ‘आज’ म्हटलं, ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ येशूचा प्रेषित पौल तुरुंगातून फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहितो की येथून निघून ख्रिस्ताजवळ असणं हे अधिक चांगलं. दुसरी गोष्ट आपण विसरतो: शेवट तिथे होत नाही. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात माणसं वर उडून जात नाहीत, नगर खाली उतरतं. देवाची वस्ती माणसांजवळ येते, तो स्वतः त्यांच्या डोळ्यांतले अश्रू पुसतो, मरण उरत नाही. आणि शरीर उठतं. पुन्हा जिवंत झालेल्या येशूनं शिष्यांना हातपाय दाखवले, ‘चाचपून पाहा’ म्हणाला, त्यांच्यासमोर मासा खाल्ला. म्हणून सुजलेले पाय चोळताना, वाकलेली बोटं सरळ करून धुताना, हे शरीर टाकाऊ नाही असं मनात म्हणा. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल म्हणतो त्या ‘शरीराच्या मुक्ती’ची वाट आपण पाहतो आहोत.

ज्यांना आपलं माणूस ओळखत नाही त्यांच्यासाठी एक वचन वेगळं काढून ठेवते. यशया ४९ मध्ये देव विचारतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय? आणि पुढे म्हणतो, ती एक वेळ विसरेल, मी तुला विसरणार नाही. मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे. आई मला विसरली तेव्हा या वचनाचा पहिला अर्धा भाग मला आधी खरा वाटला. दुसरा अर्धा धरून बसले. तिचं नाव तिला आठवण्यावर तिचं असणं अवलंबून नाही, देवाला ती आठवण्यावर आहे.

वाचून दाखवताना थोडंच वाचा. दोन-तीन ओळी पुरतात. लहानपणी पाठ झालेलं सगळ्यात खोल रुतलेलं असतं, त्यामुळे नवं भाषांतर काढू नका, त्यांना पाठ आहे तेच घ्या. स्तोत्र २३ हळूहळू म्हणा आणि मध्येच थांबा. पुष्कळदा पुढचा शब्द त्यांच्याच ओठांतून येतो. ते स्तोत्र संपतं तेही परमेश्वराच्या घरात. योहान १४ मधलं येशूचं ‘माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत’ हे वाक्य ‘घरी ने’ला मिळालेलं सरळ उत्तर आहे, विशेषतः त्याच्या पुढचं: मी परत येऊन तुम्हांला माझ्याजवळ घेईन. न्यायला तो स्वतः येतो. वाट शोधायची जबाबदारी या थकलेल्या माणसावर नाही, हे मोठ्यानं सांगा. स्तोत्र ९० देशच नसलेल्या माणसाच्या तोंडी आहे. शीर्षकात मोशेचं नाव आहे, जो आपल्या लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) काढून रानात भटकत राहिला, आणि सुरुवातीलाच देवाला निवासस्थान म्हटलं आहे. बोलणं संपलेल्यांनाही गीत गाता येतं असं मी पुष्कळदा पाहिलंय, तेव्हा आवाज चांगला नसला तरी गा. प्रभूची प्रार्थना सोबत म्हणा. पाळकांना प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) घेऊन घरी बोलवा, आणि माणूस गिळू शकतं तोवर बोलवा, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका.

मातीविषयी, म्हणजे कुठे पुरायचं याविषयी, लवकर विचारा, बोलण्याची शुद्ध आहे तोवर. बायबलमधल्या योसेफानं मिसरात मरताना भावांकडून शपथ घेतली की माझ्या अस्थी इथून घेऊन जा. मोशेनं त्या खरोखर नेल्या. उलट ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनची आई मोनिका इ.स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. आफ्रिकेत, नवऱ्याशेजारी पुरलं जावं अशी तिची जुनी इच्छा होती. पण शेवटी तिनं मुलांना सांगितलं की हे शरीर कुठेही ठेवा, प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण मात्र करा. देवाला काहीच दूर नाही, असं ती म्हणाली होती. दोघंही विश्वासातच गेले. तुमचं माणूस कुणासारखं आहे ते त्यालाच विचारा, कागदावर लिहा, आणि भावंडांना दाखवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी वाद होणार नाही.

अखेरचे तास आले की त्यांच्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी बोला. प्रतिसाद नसला तरी ऐकू येत असेल असं धरूनच बोला. खोलीत मालमत्तेच्या गोष्टी नकोत. काही मागे राहिलं असेल तर क्षमा मागा, क्षमा करा, आणि ‘आमची काळजी करू नकोस’ हे एकदा स्पष्ट म्हणा. मी आईला तिच्या आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारली होती.

नंतरचे दिवस तुमचे. आई गेल्यावर ‘घरी ने’ म्हणावंसं मलाच वाटू लागलं आणि न्यायला सांगावं असं कुणी उरलं नव्हतं. लोक येतील, ‘रडू नका, त्या घरी पोचल्या’ म्हणतील. त्यांचा हेतू चांगला असतो. पण थेस्सलनीकाकरांना पौलानं ‘दुःख करू नका’ एवढंच लिहिलेलं नाही; आशा नसलेल्यांसारखं करू नका, असं लिहिलंय. त्याच ठिकाणी तो म्हणतो की आपण आणि आधी गेलेले एकत्र प्रभूला भेटू. म्हणजे पुन्हा भेट होण्याची आशा ही आपल्या मनाची समजूत नाही, ते लिहून दिलेलं आहे. आणि मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. तुम्हीही रडा. एखाद्या रविवारी उपासनेत उभं राहून गाता आलं नाही तर बसून राहा, बाकीचे गातील. घरी बसून राहू नका मात्र.