सिक्कीमला जाताय? पाण्याचं आधीच बघा

सिक्कीममध्ये १ जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी आहे आणि लाचेन गावाने तर ती त्याच्याही आधी घातली, त्यामुळे गाडीत बिसलेरीचा बॉक्स टाकून निघायची आपली सवय तिकडे सोडा. प्रत्येकाची एक लिटरची स्टीलची बाटली घ्या. हॉटेलात फिल्टरचं पाणी मागायला लाजू नका, पण नळाचं थेट पिऊ नका, बंदी चांगली म्हणून पोट ऐकणार नाही ना! उकळायचं असेल तर लाचेनच्या उंचीवर पाणी शंभरच्या आधीच उकळतं, म्हणून खळखळ उकळी आल्यावर ३ मिनिटं तसंच ठेवा. क्लोरीनची गोळी टाकलीत तर अर्धा तास थांबा, पाणी गार असेल तर जास्तच.